आई बसली की गाडी वाजते

आमच्या गाडीला वय विचारू नये. मी घेतली तेव्हाच ती एका घरी नांदून आली होती, आणि माझ्याकडे येऊन आता तप उलटलं. जीपसारखी उंच, लांब, पुढच्या सीटमागे आणखी दोन रांगा. जालन्यात मस्तगडातल्या आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे अर्धी गल्ली दारात येऊन ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स!’ करते. बायको तिला माझी धाकटी म्हणते. आई नुसतं ‘धूड’ म्हणते. मी काही म्हणत नाही, कारण रविवारी सकाळी तिला पुसताना आमचं दोघांचं जे बोलणं चालतं, ते घरात कुणाला कळायची गरज नाही.

या धुडातून गेल्या हिवाळ्यात एक आवाज यायला लागला. खट्ट.

सारखा येत असता तर मी समजून घेतलं असतं. पण हिचं तसं नव्हतं. कचेरीत नेली, गप्प. बाजारात नेली, गप्प. महिन्यातून एका रविवारी आम्ही पिंपळगाव रेणुकाईला मावशीकडे निघालो, की मात्र हिला कंठ फुटायचा. राजूरला खट्ट. भोकरदनमध्ये शिरताना खट्ट. पुढे एका फाट्यावर खट्ट. पिंपळगावात देवीसमोरून जाताना खट्ट. मधल्या सगळ्या रस्त्यावर अगदी शहाण्या बाईसारखी चालायची.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणते. महिन्यातून एकदा अक्काचं डोकं विंचरून, तिच्याशी कशावरून तरी भांडून आणि पिशवीभर शेंगा घेऊन आल्याशिवाय आईचा महिना सरत नाही. आईचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी तिला आता चढवत नाही. म्हणून हे धूड. मी गाडी विकत का नाही, असं मला कचेरीत जो तो विचारतो. दर वेळी मी चिडतो. ही एवढी उंच आहे म्हणून आईला तिच्यात नुसतं सरकून बसता येतं, गुडघा वाकवावा लागत नाही, हे कुणाकुणाला सांगत बसू?

आमचा मिस्त्री धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला असतो. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, आणि कामाचा एकच नियम: आवाज आपल्या कानानं ऐकल्याशिवाय पाना लावायचा नाही. त्याच्याकडे एक हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आहे. त्याचं टोक तो इंजिनाला लावतो, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभा राहतो.

“आवाज कसा हाय साहेब? खडखड? ठण्ण?”

“खट्ट.”

“एकदाच?”

“एकदाच.”

“मंग?”

“मंग पुढच्या गावापर्यंत काही न्हाई.”

उस्तादानं पेचकस खाली ठेवला. “साहेब, तीस साल झाले गाड्या करून राह्यलो. असा गावोगाव एकएकदा येणारा आवाज गाडीचा नसतो. सासूचा असतो.”

त्यानं गाडी फिरवून आणली. अर्थातच हूं की चूं नाही. “बिलकुल बराबर हाय,” म्हणाला आणि हात पुसायला लागला. आपलं पोर घरी उच्छाद मांडतं आणि पाहुण्यांसमोर हात जोडून बसतं, तेव्हा आईबापाला जसं वाटतं तसं मला वाटलं.

मी हाडाचा कारकून. मी रजिस्टर घातलं. लाल पट्टीनं रकाने आखले: ठिकाण, वेग, रस्त्याची अवस्था, शेरा. पुढच्या खेपेला बायकोला शेजारी बसवून लिहायला लावलं. तिनं लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या मनानं ‘नवऱ्याचं डोकं तापलेलं’ असंही लिहिलं. पण निष्कर्ष स्पष्ट निघाला. जिथं जिथं खट्ट, तिथं तिथं गतिरोधक. राजूरच्या गणपतीसमोर गतिरोधक, भोकरदनच्या मारुतीसमोर गतिरोधक, देवीसमोर तर दोन. फाटा तेवढा सोडून.

रजिस्टर पाहून उस्तादाचा नियम ढिला झाला. मीच ढिला केला म्हणा. “गतिरोधकावर वाजतं म्हंजे शॉकअप,” तो म्हणाला. मागचे दोन्ही शॉकअप बदलले. पुढच्या महिन्यात राजूर आलं. खट्ट.

“गणपतीला तुमचे शॉकअप पसंत पडलेले दिसत न्हाईत,” बायको म्हणाली.

मग रबराचे बुश बदलले. मग उस्तादानं फाट्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. “हे बघा. हितं गतिरोधक न्हाई, खड्डा न्हाई. सपाट रस्त्यावर वाजतं म्हंजे शाफ्टचा क्रॉस गेला.” म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा जो लांब दांडा असतो, त्याचा सांधा. तोही बदलला. जुना क्रॉस हातात घेऊन पाहिला तर माझ्या गुडघ्यांपेक्षा धडधाकट. पुढच्या महिन्यात राजूर, भोकरदन, फाटा, देवी. चारही खट्ट हजर, एकानंही रजा घेतलेली नाही.

खरा सुगावा लागला तो आईच्या तापामुळे. त्या रविवारी आई घरी राहिली आणि आम्ही दोघंच मावशीला औषध पोचवून आलो. जाता-येता गाडीनं तोंड उघडलं नाही. घरी आल्या आल्या मी ओट्यावर उभा राहून उस्तादाला फोन लावला आणि आर्किमिडीजच्या थाटात ओरडलो, “उस्ताद, सापडलं! आई बसली की वाजतं! वजनानं वाजतं!”

आत आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

माझी आई निवृत्त मुख्याध्यापिका आहे. ती ओरडत नाही. पस्तीस वर्षं तिनं वर्गात एकदाही छडी उचलली नाही, नुसती गप्प बसायची आणि पोरं आपणहून अंगठे धरायची. त्या संध्याकाळी ती तशी गप्प बसली. रात्री अर्धीच भाकरी घेतली. दुसऱ्या दिवशी भात सोडला. बायको माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “तोंड हाय का भोंगा?”

आणि नेमकी त्याच आठवड्यात मावशीच्या डोळ्याची तारीख मिळाली.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ताटातली वाटी कुठं आहे ते ती बोटांनी चाचपून शोधायची. दोन वर्षं ‘बघू, सुगी होऊ द्या’ करून तिनं टाळलं होतं. आता जालन्याच्या डॉक्टरांनी दम भरला की फार पिकू दिलं, याउपर ढकललं तर डोळा हाती लागायचा नाही. पुढच्या गुरुवारी पहिला डोळा करायचा ठरला. मावशी हो म्हणाली, पण एका अटीवर. फोनवर मला म्हणाली, “ती मला न्यायाला आली तर येईन. तिचा हात धरल्याबिगर मी डोळ्याला कुणाला हात लावू देणार न्हाई. मला भ्या वाटतं बाबा.”

मी आईला निरोप सांगितला.

“मी न्हाई येत,” आई म्हणाली. “गाडी मोडायची तुझी.”

“आई, अगं ते मी आपलं...”

“बराबर बोललास तू. जे हाय ते हाय.”

“दुसरी गाडी करतो मग भाड्यानं.”

“दुसऱ्याची कशाला मोडू?”

इतकं बोलून ती वर्तमानपत्र वाचायला लागली. ते उलटं असतं तरी तिनं वाचलं असतं. मला तिचा रागही येत होता आणि स्वतःची लाजही वाटत होती. एका आवाजापायी मावशीचा डोळा जायची वेळ आली होती, आणि तो आवाज गावभर करणारा मीच होतो.

मी गॅरेजवर गेलो. उस्तादाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला, कारण तो आईच्या हाताखाली शिकलेला. “बाईला म्या जाड म्हणलो, असं तर न्हाई ना वाटलं त्यांना?” त्यानं आधी हे विचारलं. मग म्हणाला, “साहेब, ऐकल्याबिगर पाना लावला, तिथंच चुकलं. आता ऐकूनच राहणार. बाईचं वजन किती?”

“विचारायची हिंमत हाय तुमच्यात?”

“तोबा!”

“माझ्यातपण न्हाई.”

मग आम्ही अंदाजानं गेलो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून गव्हाचं एक पोतं आणलं, वर हरभऱ्याच्या डाळीची एक गोणी. मधल्या रांगेत, माझ्या पाठीमागे जी आईची ठरलेली जागा, तिथं दोन्ही ठेवून पट्टा बांधला. गल्लीतून निघताना शेजारचे काका वाकून बघत म्हणाले, “पाहुणे कुठले?” उस्ताद मागच्या रांगेत पेचकस कानाला लावून बसला. आम्ही राजूरपर्यंत गेलो, तिथल्या गतिरोधकावरून तीनदा गाडी उडवली, परत आलो. पोतं गप्प. गोणी गप्प. धूड गप्प.

घरी येऊन मी आईसमोर उभा राहिलो. “आई, वजनानं न्हाई वाजत. आम्ही पोतं बसवून पाह्यलं.”

वर्तमानपत्र खाली आलं. “मला पोत्यासंगं तोललंस?”

“हो.”

“किती किलोचं होतं?”

मी सांगितलं. अंदाज जरा सढळ हातानं केला होता, हे मला तिच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर कळलं. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. पण आईच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी निवळत गेलं. “म्हंजे एवढ्यानंही वाजलं न्हाई?”

“न्हाई.”

“म्हंजे दोष माझा न्हाई.”

“न्हाई.”

“लेखी दे.”

मला वाटलं थट्टा करते आहे. मुळीच नाही. मी कागद घेऊन लिहिलं की सदर वाहनातील आवाजाचा मातोश्रींच्या वजनाशी काहीएक संबंध नसल्याचे चाचणीअंती आढळून आले आहे. खाली सही केली. तिनं ‘अंती’ची वेलांटी तपासली, कागदाची चौघडी घातली आणि पाकिटात ठेवली. मग म्हणाली, “चला. कुठं वाजतं ते मीपण ऐकते.”

दुसऱ्या दिवशी आई गॅरेजवर आली, तेव्हा उस्ताद एका गाडीखाली उताणा पडलेला होता. तिचा आवाज ऐकून तो खालून असा सुळकन निघाला, की त्याचं डोकं आपटलं. उभा राहून त्यानं हात मागे बांधले.

“एकोणीसचा पाढा येतो का आता?” आईनं विचारलं.

“थोडा थोडा येतो, बाई.”

“एवढे दिवस आवाज सापडंना, म्हंजे तेव्हासारखंच लक्ष खिडकीबाहेर दिसतंय.”

“न्हाई बाई.”

उस्ताद मागच्या रांगेत, विजेरी घेऊन, वाकून. आई तिच्या जागी. बायको पुढे. मी गाडी राजूरच्या रस्त्याला लावली. गावाजवळ गणपतीचा कळस दिसला, गतिरोधक आला, मी वेग कमी केला. आणि खट्ट!

“ऐकलं?” मी ओरडलो. “उस्ताद, ऐकलं ना?”

आरशात पाहिलं तर उस्ताद तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. मी गाडी एका हॉटेलासमोर लावली. बायको आणि आई चहाला उतरल्या. उस्तादानं माझा दंड धरून मला गाडीच्या मागे नेलं.

“साहेब, सापडला.”

“काय गेलंय?”

“काही गेलं न्हाई. बाई उठून राह्यल्या.”

“म्हणजे?”

“देऊळ आलं की बाई उठतात. पुढच्या सीटला धरून, अशा उभ्या राहतात, हात जोडतात, आन् मंग बसतात. त्या उठल्या की खालची सीट उचलते, बसल्या की खट्ट. सीटचा एक बोल्टच न्हाई, साहेब. तुम्ही कधी ही सीट दुमडली होती का?”

मी दुमडली होती. दिवाळीत कपाट आणायला. परत लावताना तो बोल्ट कुठंतरी घरंगळला आणि मी म्हटलं, असेल, सीट बसली आहे ना. म्हणजे हा सगळा खर्च, शॉकअप, बुश, क्रॉस, माझ्या त्या ‘असेल’पायी.

पण खरी गंमत ती नाही. खरी गंमत ही की चार महिने हे आम्हाला दिसलं कसं नाही? तर देऊळ आलं की मी एक हात छातीला लावून समोर मान झुकवतो. बायको डोळे मिटते. ज्या क्षणी आवाज यायचा, त्या क्षणी आम्ही सगळेच देवापुढे वाकलेले असायचो. आणि देवळासमोर गतिरोधक असतोच, त्यामुळे सगळा आळ त्याच्यावर गेला. उस्तादाचा देव वेगळा आणि त्याचं सगळं लक्ष सीटकडे. गाडीत त्या वेळी डोळे उघडे असलेला तो एकटाच माणूस होता.

चहा होईस्तोवर उस्तादानं बोल्ट बसवला. मी आईला म्हटलं, “आई, अगं चालत्या गाडीत उठतेस कशाला? बसूनच हात जोडावेत ना. गुडघे बघ तुझे.”

“बसल्या बसल्या नमस्कार?” आई म्हणाली. “पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, मोठं माणूस आलं की उठून उभं राहायचं. देव काय लहान हाय?”

उस्तादानं पाना हातात धरूनच मान डोलावली. त्याला तिच्याच वर्गात शिस्त लागली होती, तो काय बोलणार.

रात्री जेवणं झाल्यावर मी रजिस्टर काढलं. नोंदी बंद करायच्या होत्या. राजूर, गणपती. भोकरदन, मारुती. पिंपळगाव, रेणुकामाता. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. उरला फाटा. भोकरदन सोडल्यावर बायकोला हमखास झोप लागते आणि त्या फाट्यावर ट्रॅक्टर मध्येच घुसतात म्हणून मी समोर बघत असतो, त्यामुळे तिथं कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

“आई, त्या फाट्यावर कुठलं देऊळ हाय?”

“असेल एखादं.”

“न्हाई गं. एक कडुलिंबाचं झाड हाय आणि एक मोडका थांबा. तिथं कशाला उठतेस?”

रजिस्टरातल्या त्या नोंदीवर तिनं बोट ठेवलं. मग ती माझ्याकडे न बघता सांगायला लागली.

त्या फाट्यापासून आत दोन किलोमीटरवर आईचं माहेर. आजी लवकर गेली, हे मला माहीत होतं. आजी गेली तेव्हा मावशी चौथीत होती आणि तिची शाळा त्या दिवशी सुटली, हेही ऐकलं होतं. आई पुढे भोकरदनला शाळेत जायला लागली, तेव्हा तिला एकटीला भीती वाटायची. म्हणून मावशी रोज पहाटे भाकरी थापून, आईचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून, दोन किलोमीटर चालत तिला त्या लिंबाखाली आणायची आणि एसटीत बसवून द्यायची. मग तीच वाट मागे चालत जाऊन दिवसभर शेतात.

“मी बसायचेच न्हाई,” आई म्हणाली. “खिडकीला धरून उभी राहायचे. ती दिसेनाशी होईस्तोवर तिच्याकडं बघायचे. आन् ती खालून ओरडायची, बस गं खाली, जागा जाईल! रोज ओरडायची. लोक हसायचे.”

मी रजिस्टर मिटलं.

“आता गाडी तिथनं गेली की उठल्याशिवाय राहवत न्हाई मला,” ती म्हणाली. “माझी नोकरी, पेन्शन, तुझं शिक्षण, सगळं तिथं उभं हाय त्या झाडाखाली. पण तिला सांगू नको हं. खुळी म्हणंल मला.”

मी त्या फाट्यापायी शाफ्टचा क्रॉस बदलून बसलो होतो.

बुधवारी आम्ही मावशीला आणायला गेलो. आईला बघितल्यावर, म्हणजे तिचा आवाज ऐकल्यावर, मावशी आधी भांडली. “किती वाट बघायला लावलीस! गाडीत बसंना म्हणे! एवढा गं कसला राग?” मग आईनं तिची वेणी घातली आणि दोघी मधल्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. मावशीनं आईचा हात जो धरला तो सोडला नाही. देवीसमोर दोघी मिळून उठल्या. सीटचा आवाज नाही. उस्तादाचा बोल्ट पक्का होता.

फाटा आला. आरशात बघतो तर आई उठली. मावशीला दिसत नव्हतं, पण हातात हात होता.

“काय गं, कोन्तं देऊळ आलं?”

आई गडबडली. “देऊळ न्हाई अक्का. गतिरोधक हाय.”

रस्ता ताटासारखा सपाट होता. मी काय करणार? ब्रेक दाबला आणि सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला.

“अगं बाई! किती धसमुसळा चालवतो गं तुझा पोरगा,” मावशी म्हणाली. “बैलगाडी बरी.”

“हाच तसला,” आई म्हणाली. आरशात ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे हसत होते.

गुरुवारी डोळा झाला. आत नेईपर्यंत मावशीनं आईचा हात धरून ठेवला होता. नर्सनं सोडवला तेव्हा म्हणाली, “हितंच बस. हलू नको.” आई बाकावरून पाणी प्यायलाही उठली नाही. पट्टी सोडली त्या दिवशी मावशीनं आधी आईकडे बघितलं आणि म्हणाली, “किती म्हातारी झालीस गं तू!” त्यावर दोघी इतक्या हसल्या, की डॉक्टरांना डोळ्याची काळजी घ्या म्हणून सांगावं लागलं.

दहा दिवस ती आमच्याकडे राहिली. मग तिला पोचवायला निघालो. काळा चष्मा लावून मावशी खिडकीशी बसली होती आणि दुकानांच्या पाट्या वाचत होती. चौथीपर्यंतचं वाचन, तेही इतक्या वर्षांनी. एकेक अक्षर लावून वाचायची, आणि पाटी पुरी व्हायच्या आत दुकान मागे पडायचं. “हळू चालव ना रे,” ती मला ओरडायची. मी जालन्यापासून भोकरदनपर्यंत इतक्या हळू गाडी चालवली, की सायकलवाले पुढे निघून गेले.

भोकरदन गेलं. बायको झोपली. फाटा जवळ आला तसा मी आरशात बघायला लागलो. आई हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. आज अक्काला दिसत होतं, आज गतिरोधक सांगून भागणार नव्हतं. आई झाडाकडे बघायचंसुद्धा टाळत होती. मला वाटलं, आज काही ही उठत नाही.

लिंब दिसला आणि ती उठली. पुढची सीट धरून, गुडघे सांभाळत, वाकलेलीच, पण उठली.

मावशीनं बाहेर बघितलं. रस्ता सपाट. देऊळ नाही. मोडका थांबा आणि झाड. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी. झाडाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. माझा पाय ब्रेकवरच होता. मी गचका दिला नाही. गाडी झाडाखाली नेऊन उभी केली.

मावशीच्या नव्या डोळ्यातून पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं नाही, पुसायची मनाई होती. तिनं नुसता हात वर केला आणि आईचा पदर खाली ओढला.

“बस गं खाली,” ती म्हणाली. “जागा जाईल.”

आई बसली. मग मी गाडी पुढे काढली.